सायकल मोहिमेला मोटारसायकल आणि हॅम रेडिओची साथ: बालाघाटात हे जमेल का?

बालाघाटी

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत आम्ही काही जण मिळून बालाघाटाच्या डोंगररांगेतून बीड ते अंबाजोगाई अशी एका दिवसाची सायकल मोहीम काढत आहोत. मांजरसुंबा, नेकनूर, केज, होळ, लोखंडी सावरगाव असा सुमारे 90 किलोमीटरचा रस्ता आहे आणि जमणारा सगळा निधी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका हंगामी वसतिगृहाला द्यायचा आहे. दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात उतरतात. मागे आजी नसेल आणि वसतिगृहही नसेल, तर पोरे बैलगाडीत बसून त्यांच्यासोबत जातात आणि शाळेचे अर्धे वर्ष फडावरच्या खोपीत जाते. हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना मोहिमेचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मूळ प्रश्न. गेल्या वर्षी आमचा एक विद्यार्थी घाटाच्या वळणावर सायकलवरून घसरला आणि त्याचे मनगट मोडले. तेथे मोबाइलला रेंज नव्हती. मागून आलेला सायकलस्वार तीन किलोमीटर खाली गेला, तेव्हा कोठे फोन लागला. आणि आमची मदतीची गाडी नेकनूरच्या पुढे निघून गेली होती, तिला परत वळवायलाही वेळ गेला. तो मुलगा पाऊण तास रस्त्याकडेच्या दगडावर हात धरून बसून होता. त्याने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, म्हणून मला ते अधिकच लागले.

माझ्याकडे चार वर्षांपासून हॅम रेडिओचा (छंद म्हणून चालवायचा बिनतारी संच; तो चालवणाऱ्यालाही हॅम म्हणतात) रिस्ट्रिक्टेड, म्हणजे खालच्या श्रेणीचा परवाना आहे आणि लांबच्या प्रवासाला योग्य अशी मोटारसायकलही आहे. परवानाधारक असलेले आणखी तीन मित्र यायला तयार आहेत. प्रत्येक मोटारसायकलवर 145 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला एक संच ठेवून सायकलस्वारांच्या पुढे-मागे थांबत जावे, असा विचार आहे. याचा खरोखर उपयोग होईल का, कायद्यात कोठे अडचण येते का, आणि गाडीवर संच व अँटेना कशी बसवावी, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मोकळेपणाने लिहावे.

मांजराकाठ

कल्पना अतिशय चांगली आहे. तारीख ठरली की कळवा. मला परवाना नाही, पण केजच्या थांब्यावर पाणी आणि केळी वाटायला मी घरच्यांसह येईन.

सरळ_प्रश्न

आपल्या हेतूबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, व्हॉट्सअॅपवर प्रत्येकाचे चालू ठिकाण नकाशावर दिसते आणि 108 वर फोन केला की रुग्णवाहिका येते. अशा वेळी परवाना, अँटेना, बॅटऱ्या, सराव एवढा सगळा खटाटोप चार-पाच किलोमीटरच्या एका घाटासाठी करणे कितपत योग्य आहे? तेवढेच कष्ट जास्त स्वयंसेवक उभे करण्यात घातले, तर मुलांच्या निधीलाही मदत होईल, असे मला वाटते.

औशाचा_ऑपरेटर

सरळ_प्रश्न यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी माझ्या आयुष्यातल्या एका पहाटेपासून देतो, कारण मी हॅम झालो तो त्या पहाटेमुळे.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. त्या वेळी मी औशाजवळ राहत होतो आणि माझे वय 19 होते. टेलिफोन बंद पडले होते. कोणत्या गावात किती माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, कोठे तंबू पोचले आणि कोठे नाहीत, हे सांगायला माणसालाच धावत जावे लागत होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली.

पुढच्या दिवसांत बाहेरच्या शहरांतून हॅम मंडळी आली. एका शाळेच्या पटांगणात दोन बाभळींच्या मध्ये त्यांनी सुमारे 20 मीटर लांबीची तांब्याची तार ताणली, मोटारीची बॅटरी जमिनीवर ठेवली आणि पत्र्याच्या पेटीएवढ्या संचावरून बोलायला सुरुवात केली. 7 मेगाहर्ट्झची ती साधी द्विध्रुव (मध्यातून केबल जोडलेली, दोन भागांच्या तारेची) अँटेना होती, हे मला नंतर समजले. मी त्यांना पाणी आणून देत होतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांची नावे विचारणाऱ्या माणसांची रांग लागली होती आणि ऑपरेटर एकेक नाव अक्षर-अक्षर फोडून सांगत होता. पलीकडून "सुखरूप" असा शब्द आला की रांगेतली एखादी बाई तेथेच खाली बसायची.

माझा मुद्दा असा की मोबाइलचा टॉवर हा कोणीतरी दुसऱ्याने उभा केलेला आणि दुसऱ्याच्या विजेवर चालणारा दुवा आहे. हॅमचा दुवा दोन माणसे स्वतः उभा करतात. मात्र असा दुवा आपत्तीच्या दिवशी पहिल्यांदा उभा करता येत नाही, त्याला हात सरावाचे लागतात. बालाघाटी यांची सायकल मोहीम म्हणजे असा सराव करण्याची उत्तम संधी आहे आणि त्या सरावातून एखाद्या मुलाचे मनगट वेळेवर दवाखान्यात पोचत असेल, तर याहून अधिक काय हवे?

सरळ_प्रश्न

काका, आपला अनुभव वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझे आजोळ उमरग्याकडचे आहे आणि त्या पहाटेच्या आठवणी आमच्या घरातही आहेत.

तरीही भूकंप आणि सायकल मोहीम यांत फरक आहे, असे मी नम्रपणे म्हणेन. भूकंपात टॉवर पडतात, सायकल मोहिमेत ते उभे असतात. म्हणून "मोबाइल असताना रेडिओ कशाला" याचे उत्तर सायकल मोहिमेपुरतेच कोणी द्यावे, ही विनंती.

तरंगलांबी

सरळ_प्रश्न, सायकल मोहिमेपुरते उत्तर देतो. फोन एकाच माणसाला लागतो. "घाटात मुलगा पडला आहे" हे मला पाच जणांना सांगायचे असेल, तर पाच वेळा सांगावे लागते आणि तोपर्यंत पहिल्याने सहाव्याला काही वेगळेच सांगितलेले असते. रेडिओवर मी एकदा बोलतो आणि पुढचा, मागचा, नियंत्रण केंद्र, मदतीच्या गाडीतला ऑपरेटर असे सगळे एकाच वेळी तेच शब्द ऐकतात. गेल्या वर्षी बालाघाटी यांची गाडी नेकनूरच्या पुढे गेली, कारण तिला कोणी थांबवले नाही. सगळे एकाच वारंवारतेवर असते, तर ती गाडी कोणी न सांगता स्वतःहून वळली असती.

मोटारसायकलचा उपयोगही येथेच आहे. मोहिमेत सायकलस्वार दहा-पंधरा किलोमीटरवर विखुरतात. त्यांच्या मागे जीप सतत फिरवता येत नाही, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असेल तर ती पुढेही सरकत नाही. मोटारसायकल कडेने निघून येते. उत्तम अँटेना असलेला एक संच माणसासह पाच मिनिटांत घटनास्थळी उभा राहतो, आणि दुसऱ्या कोणत्याही वाहनाने हे जमत नाही.

पॅडल_परभणी

मी गेली सहा वर्षे अशा मोहिमांत सायकल चालवते आहे, म्हणून सायकलस्वाराच्या बाजूने एक गोष्ट स्पष्ट लिहिते. मोटारसायकलवरचे स्वयंसेवक अनेकदा मदतीपेक्षा त्रास जास्त देतात. चढावर माझा दम लागलेला असतो, आणि शेजारून एखादा भाऊ गाडी पहिल्या गिअरमध्ये घालून, माझ्या तोंडावर धूर सोडत, "ताई, पाणी पाहिजे का" असे विचारत पाचशे मीटर चालतो. भाव चांगला असतो. पण मला त्या वेळी फक्त मोकळी हवा आणि रस्त्याची डावी कड हवी असते. उतारावर तर शेजारून चालणाऱ्या गाडीचा धोकाच जास्त असतो, कारण खड्डा चुकवायला मला उजवीकडे सरकावे लागते.

त्यामुळे रेडिओ घेऊन येणाऱ्यांनी सोबत चालू नये. पुढे जाऊन ठरलेल्या जागी थांबावे, सगळे जाऊ द्यावे आणि मग पुढच्या जागी जावे. घाटाच्या वळणावर कोणीतरी उभे आहे आणि त्याच्याकडे बोलण्याची सोय आहे, एवढे कळले तरी मी निर्धास्तपणे चढ चढते.

बालाघाटी

पॅडल_परभणी ताई, मनापासून आभार. माझ्या मूळ लिखाणात मी "पुढे-मागे थांबत जावे" असे म्हटले होते, पण खरे सांगायचे तर मनात चित्र सोबत चालण्याचेच होते. ते आता बदलले. थांबे ठरवून त्यांच्यात अंतर ठेवून जायचे, हे पक्के.

नियमावली

कायद्याबद्दल विचारले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट वाहतुकीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरण्याचे संपर्कसाधन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात धरले आहे. म्हणजे एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने वॉकी-टॉकी, असा प्रकार कोणत्याही पुण्यकार्यासाठी चालणार नाही. कलम 129 प्रमाणे हेल्मेट तर हवेच.

दुसरी गोष्ट हॅम परवान्याची. हा परवाना स्वतःचे शिक्षण, परस्पर संवाद आणि तांत्रिक प्रयोग यांसाठी, आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता दिला जातो. त्यामुळे आयोजकांकडून मानधन घेऊ नये आणि प्रायोजक दुकानाची जाहिरात हवेवर करू नये. तिऱ्हाईताचे निरोप पोचवण्यावर मर्यादा आहेत; म्हणून आयोजकांच्या हातात माइक देऊन त्यांना बोलू देणे टाळावे, बोलणारा परवानाधारकच असावा आणि त्याने आपला कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेला ओळखसंकेत) वेळोवेळी सांगावा. बोलणे गुप्त संकेतांत करता येत नाही. चालत्या वाहनावरून किंवा आपल्या नोंदलेल्या पत्त्याबाहेरून केंद्र चालवण्याबाबत परवान्यावर काय अटी आहेत, त्या वाचून, गरज वाटल्यास रेडिओ परवाने देणाऱ्या दिल्लीच्या डब्ल्यूपीसी विभागाकडे आधी लेखी विचारणा करून मगच निघावे. पोलिसांना मोहिमेची परवानगी मागताना त्याच अर्जात रेडिओ ऑपरेटरांची नावे, कॉलसाइन आणि गाड्यांचे क्रमांक लिहिले, तर रस्त्यावर कोणी अडवल्यास समजावून सांगणे सोपे जाते.

मांजराकाठ

मग माझ्यासारख्या परवाना नसलेल्याने पाण्याच्या थांब्यावरून बोलायचेच नाही का? बाजारात वॉकी-टॉकीच्या जोड्या सहज मिळतात, माझ्या भाच्याकडेही एक जोडी आहे.

नियमावली

दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात म्हणून त्या वापरता येतात, असे नाही. भाच्याच्या संचावर वारंवारता पाहा. आपल्याकडे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातले अर्ध्या वॉटपर्यंतचे संच 2018 च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात. त्याबाहेरचा संच असेल तर बटण दाबू नये. अर्ध्या वॉटचा संच पाण्याच्या थांब्यापासून पार्किंगपर्यंत पुरेसा आहे. तेथे एक हॅम उभा ठेवला की तो आपले निरोप ऐकून पुढे काय सांगायचे ते ठरवील.

आणि खरे तर आपण परीक्षाच द्यावी. वयाची अट 12 वर्षांची आहे, म्हणजे भाचाही देऊ शकतो. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) लागत नाही. रेडिओचे प्राथमिक ज्ञान आणि नियम एवढाच अभ्यास आहे.

सोल्डर_जालना

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, म्हणजे गाडीवर संच बसवणे. मी तीन वेगवेगळ्या गाड्यांवर हे केले आहे आणि पहिल्या दोन वेळा चुकलो आहे, म्हणून तपशिलात लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हँडसेट त्याच्या आखूड रबरी अँटेनासह खिशात ठेवून बोलणे. पाच वॉटचा संच असूनही अर्धा जीव अंगातच जातो. संच जर्किनच्या छातीवरच्या खिशात ठेवला तरी चालेल, पण अँटेना गाडीच्या मागच्या कॅरिअरवर न्यावी. 145 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे 50 सेंटिमीटर. मोटारीच्या छपरावर ही पाव तरंगलांबीची काडी सुरेख चालते, कारण खाली पत्र्याची पसरट जमीन मिळते. मोटारसायकलला छप्परच नसते. म्हणून दुचाकीवर अर्ध्या तरंगलांबीची, म्हणजे सुमारे एक मीटरची अँटेना घ्यावी. तिला खालच्या पत्र्याची गरज जवळजवळ नसते. एक मीटरची काडी वाऱ्याने वाकते, तिला लाल फडके बांधले की ती मागच्या वाहनांनाही दिसते.

दुसरी गोष्ट जोडण्यांची. हँडसेटवरचा एसएमए जोड (अँटेना लावायचा छोटा स्क्रूचा जोड) हा टेबलावरच्या संचासाठी ठीक आहे. खडबडीत रस्त्यावर जाड केबलचे ओझे त्यावर पडले की तो सैल होतो आणि मग आतला सोल्डर तुटतो. माझा पहिला संच असाच गेला. संचाजवळ वीतभर बारीक लवचिक केबल ठेवावी, तिच्या टोकाला बीएनसी जोड लावून तो गाडीच्या चौकटीला बांधावा आणि तेथून पुढे आरजी-58 केबल अँटेनापर्यंत न्यावी. उतरायचे झाले की बीएनसी पाव फेरा फिरवून सुटतो आणि संच हातात घेऊन दरीच्या कडेपर्यंत चालत जाता येते. अशा वेळी हँडसेटच्या अँटेनाच्या बुडाशी 50 सेंटिमीटरचा वायरीचा तुकडा लोंबता ठेवा, आवाजातला फरक पलीकडचा माणूस स्वतःहून सांगेल.

स्पार्क प्लगची खरखर एफएममध्ये फारशी त्रास देत नाही, तरी रोधक असलेला प्लग असावा. मोठा पन्नास वॉटचा संच दुचाकीवर लावण्याचा मोह टाळा. तो बोलताना दहा अँपिअरच्या आसपास ओढतो आणि गाडी थांबलेली असताना बॅटरी उतरते. घाटात किक मारत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

औशाचा_ऑपरेटर

सोल्डर_जालना यांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला माझे अनुमोदन. त्यात उंचीचे गणित जोडतो. या पट्ट्यातल्या लहरी साधारण सरळ जातात आणि अँटेना किती उंच आहे, त्यावर क्षितिज, म्हणजे त्या कोठवर पोचतील ती हद्द, ठरते. उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढा आणि 4.12 ने गुणा, म्हणजे किलोमीटर मिळतात. गाडीवरची अँटेना जमिनीपासून दीड मीटर असेल तर क्षितिज पाच किलोमीटर, म्हणजे सपाटीवर दोन गाड्यांत जास्तीत जास्त दहा किलोमीटर. पण भोवतालच्या रानापेक्षा शंभर मीटर उंच टेकडीवर एक माणूस बसला, तर त्याचे क्षितिज 41 किलोमीटर होते. वॉट वाढवून जे मिळत नाही, ते टेकडी चढून मिळते. बालाघाटी, तुमच्या भागाला देवाने डोंगर दिलेच आहेत, त्यांचा उपयोग करा.

ट्रॉलीवाले

मी साखर कारखान्याला ऊस वाहतो, रेडिओतले मला काही कळत नाही, पण जानेवारीतला तो रस्ता मला चांगला माहीत आहे. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस बाहेर लोंबत असतो, आणि चढावर ट्रॅक्टर थांबला की मागे सरकण्याची भीती असते. पहाटे धुके असले तर मागची ट्रॉली दिसतही नाही. आम्ही आता लाल पट्ट्या लावतो, तरी सगळेच लावत नाहीत. तुमचा पुढचा मोटारसायकलवाला नुसता अपघाताचीच वाट पाहत उभा राहिला तर ते अपुरे होईल. त्याने "येथे बंद पडलेली ट्रॉली उभी आहे, डाव्या अंगाने या" असे आधी मागे सांगितले पाहिजे. आमच्यातल्या पुष्कळांची लेकरे अशाच वसतिगृहात आहेत. त्या दिवशी सकाळी मी स्वतः आमच्या वाहतूकदारांना सांगून ठेवीन.

बालाघाटी

दादा, तुमचा हा एक प्रतिसाद माझ्या सगळ्या नियोजनापेक्षा मोलाचा आहे. पुढच्या गाडीचे पहिले काम हेच राहील.

वैद्यकीय_अंबाजोगाई

मी डॉक्टर आहे आणि या मोहिमेला वैद्यकीय मदत करण्याची इच्छा आहे. रेडिओवर काय बोलावे, याबद्दल माझे दोन शब्द.

हॅमच्या वारंवारतेवर कोणीही ऐकू शकते आणि बोलणे गुप्त ठेवता येत नाही, असे वर आले आहे. म्हणून रुग्णाचे नाव, गाव, आजार हवेवर घेऊ नये. प्रत्येक सायकलस्वाराच्या छातीवर क्रमांक असतोच. तो क्रमांक, जागा, माणूस शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, रक्त वाहते आहे का, उठून बसतो का, एवढे सांगितले की मला पुढचा निर्णय घेता येतो. नाव व घरच्यांचा फोन हे नियंत्रण केंद्राच्या वहीतून मिळेल. हेल्मेट घातलेला माणूस डोक्यावर पडला असेल आणि मान दुखते म्हणत असेल, तर त्याला उठवून मोटारसायकलवर बसवून आणण्याचा उत्साह कोणीही दाखवू नये. मोटारसायकल निरोप नेण्यासाठी आहे, रुग्ण नेण्यासाठी नाही. आपल्याकडे मागे-पुढे दोघे आणि मध्ये जखमी अशी वरात मी कितीतरी वेळा अपघात विभागात येताना पाहिली आहे आणि त्यातल्या काहींचे मणक्याचे नुकसान रस्त्यात झालेले होते.

गंभीर रुग्णाला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आणावे लागेल, म्हणून 108 ला फोन करण्याची जबाबदारी रेंज असलेल्या ठिकाणच्या एकाच माणसावर ठेवा. दहा जणांनी फोन केले तर गोंधळ होतो.

सरळ_प्रश्न

मी माझे मत बदलतो आहे. तरंगलांबी यांचा "एक बोलतो, सगळे ऐकतात" हा मुद्दा आणि डॉक्टरसाहेबांचा हा प्रतिसाद यांमुळे मला पटले की प्रश्न केवळ रेंजचा नव्हता. पण एक शंका राहते. चार हॅम आणि 90 किलोमीटर, हे पुरेल का? आणि संपूर्ण रस्त्यावर संपर्क राहीलच असा भरवसा देऊन लोकांना निर्धास्त करणे योग्य होईल का? गेल्या वर्षी सगळ्यांनी असाच भरवसा मोबाइलवर ठेवला होता.

तरंगलांबी

ही शंका मोलाची आहे. तिला चर्चेतून उत्तर मिळणार नाही. एका रविवारी गाड्या काढा, रस्ता चाला आणि कोठे आवाज जातो, कोठे जात नाही, याची नोंद करा.

बालाघाटी (बारा दिवसांनी)

मंडळी, चाचणी घेऊन आलो. परवान्याच्या अटी आधी वाचून घेतल्या आणि पोलिसांनाही लेखी कळवले होते. सविस्तर लिहितो, कारण या धाग्यावरच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचा त्या दिवशी कस लागला.

सकाळी सात वाजता एक मित्र मांजरसुंब्याच्या वरच्या पठारावर अर्ध्या तरंगलांबीची अँटेना बांबूला बांधून बसला. आम्ही तिघे मोटारसायकलींवर निघालो. चालत्या गाडीवरून कोणी बोलायचे नाही, फक्त हेल्मेटमधल्या छोट्या स्पीकरवर ऐकायचे आणि बोलायचे असेल तर गाडी बाजूला लावून स्टँडवर घ्यायची, असे ठरवले होते. पहिल्या तासाला हे कंटाळवाणे वाटले. नंतर लक्षात आले की थांबून बोलणारा माणूस नीट पाहून, कमी शब्दांत आणि खणखणीत बोलतो.

नेकनूरपर्यंत आवाज समोर बसून बोलल्यासारखा होता. केजला रबरी अँटेनावर नुसती खरखर आली. कॅरिअरवरच्या अँटेनाला जोडल्याबरोबर पठारावरच्या मित्राने माझे वाक्य शब्द न गाळता परत म्हणून दाखवले. होळच्या पुढे मात्र त्याचा आवाज बुडाला, आणि मग केजमध्ये एका ओळखीच्या घराच्या गच्चीवर दुसरा ऑपरेटर बसवला तेव्हा लोखंडी सावरगावापर्यंत दुवा जुळला. म्हणजे चार जण पुरत नाहीत. दोन जण उंचावर बसणारे आणि किमान चार जण रस्त्यावर, असे सहा लागतील. लातूर आणि परभणीकडच्या दोघांनी यायचे कबूल केले आहे.

आता घाट. गेल्या वर्षी जेथे मुलगा पडला, ते वळण मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. रस्ता तेथे डोंगर कापून काढला आहे आणि उजव्या हाताला उभा काळा कातळ आहे. गाडी त्या दगडाजवळच उभी केली आणि बोललो. उत्तर नाही. पुन्हा बोललो. उत्तर नाही. मोबाइलही मेलेला. क्षणभर वाटले की सगळे व्यर्थ गेले. मग सोल्डर_जालना यांनी सांगितल्याप्रमाणे बीएनसी सोडवला, संचाला त्याची अँटेना आणि लोंबती वायर लावली आणि कातळाच्या कडेने वर चढणाऱ्या पायवाटेने निघालो. पावले मोजत होतो. बाविसाव्या पावलाला तुटक आवाज आला, तिसाव्या पावलाला पठारावरचा मित्र स्पष्ट विचारत होता, "कोठे आहेस, सगळे ठीक ना?"

त्या तिसाव्या पावलाच्या जागी एक बोरीचे झुडूप आहे. त्याला मी पिवळी फीत बांधून आलो आहे. जानेवारीत तेथे एक ऑपरेटर सकाळपासून सगळे सायकलस्वार जाईपर्यंत बसून राहील आणि खाली वळणावर दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर उभा असेल. ज्या सहा जागी संपर्क होत नाही, त्या नकाशावर लाल केल्या आहेत आणि तो नकाशा सायकलस्वारांना आदल्या संध्याकाळी दाखवणार आहे. सरळ_प्रश्न यांचे म्हणणे खरे आहे, खोटा भरवसा द्यायचा नाही.

पॅडल_परभणी

नकाशा आधी मिळाला तर उत्तम. त्या सहा जागी आम्ही एकेकटे न जाता दोघी-दोघी जाऊ. माझे नाव नोंदवा.

सरळ_प्रश्न

बोरीच्या झुडपाखाली बसणाऱ्या ऑपरेटरला सोबत आणि चहा लागेल. परवाना नसला तरी ते काम मला करता येईल. आणि पुढच्या परीक्षेची तारीख कोणाला माहीत असल्यास येथे लिहावी.

औशाचा_ऑपरेटर

तारीख कळली की लिहितो. जुनी पुस्तके माझ्याकडे आहेत, ती घेऊन मी मोहिमेच्या दिवशी केजच्या गच्चीवर येतो. मांजराकाठ यांच्या भाच्यालाही घेऊन या.